बोथट टोंकाची तरवार

गतवर्षींच्या स्नेहसंमेलनांत आमच्या शाळेच्या दोन माजी विद्यार्थ्यांनीं पटांगणावर फॉईल नांवाच्या तरवारीचे हात करून दाखविले, हें वाचकांस स्मरत असेलच. अंगांत पांढरा पोशाख, तोंडावर जाळीचा मुखवटा आणि हातांत वेताच्या छडीप्रमाणें लवणारी बारीक तरवार, असे ते दोघे समोरासमोर उभे राहिले, तेव्हां मुलांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. पहिल्या रांगेंत बसलेले एका विद्यार्थ्याचे वृद्ध आजोबा मात्र शेवटपर्यंत गंभीर होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनीं आम्हांस बाजूस बोलावून विचारलें, "मास्तर, भांडूं नका म्हणून तुम्ही पोरांना वर्षभर शिकवतां, आणि संमेलनाच्या दिवशीं त्यांच्यापुढें तरवारी नाचवतां. हें कसें काय?"

प्रश्न सरळ होता. पण पाहुण्यांच्या गर्दींत त्याचें नीट उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. शिवाय पुढील आठवडाभर मधल्या सुट्टींत छत्र्यांच्या व फूटपट्ट्यांच्या तरवारी झाल्या, आणि त्या जप्त करतां करतां आजोबांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं, असेंहि आमच्या मनांत आलें. तेव्हां ही फॉईल म्हणजे काय, ती कोठून आली, आणि ती हातीं घेणारा मनुष्य तिच्यापासून काय शिकतो, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शस्त्राचें वर्णन करूं. फॉईलची एकंदर लांबी ११० सेंटिमीटरपेक्षां व पात्याची लांबी ९० सेंटिमीटरपेक्षां अधिक असूं नये, आणि तिचें वजन ५०० ग्रॅमपेक्षां कमी असावें, असा नियम आहे. पातें चौकोनी छेदाचें असून त्यास धार मुळींच नसते. टोंकावर एक बोथट बोंड असतें. या शस्त्रानें कापावयाचें नसतें. केवळ टोंक लावावयाचें असतें, आणि तेंहि प्रतिपक्ष्याच्या धडावर. डोकें, हात व पाय यांवर लागलेल्या टोंकास गुण मिळत नाहीं. मुखवट्याखालीं गळ्यावर लोंबणाऱ्या पट्टीचा खालचा भाग मात्र २००९ पासून धडांत धरूं लागले आहेत. फॉईलच्या दोन बहिणी आहेत. एपे ही अधिक जड. तिचें टोंक अंगावर कोठेंहि लागलें तरी चालतें. सेबर ही घोडेस्वाराच्या तरवारीच्या वंशांतील. तिच्या कडेनेंहि वार करतात, परंतु तो कमरेच्या वरच लागला पाहिजे. या तिघींत फॉईल ही शिकाऊ मनुष्याची तरवार म्हणून जन्मास आली, आणि आजहि पुष्कळ ठिकाणीं नवख्यांच्या हातीं प्रथम तीच देतात.

खेळण्याची जागा म्हणजे १४ मीटर लांब व दीड ते दोन मीटर रुंद अशी एक पट्टी. मध्यरेषेपासून दोन दोन मीटरांवर दोघे उभे राहतात. प्राथमिक फेरींत तीन मिनिटांत जो प्रथम पांच वार लावील तो जिंकतो. पुढील बाद फेऱ्यांत १५ वार लावावे लागतात व त्यासाठीं तीन तीन मिनिटांचे तीन डाव असून मध्यें एक एक मिनिट विश्रांति मिळते. आरंभीं व शेवटीं तरवार उंचावून प्रतिपक्ष्यास, पंचास व प्रेक्षकांस वंदन करणें सक्तीचें आहे. जो वंदन करीत नाहीं तो शिक्षेस पात्र होतो.

आतां या खेळांतील मुख्य नियम पाहूं. त्यास आपण वाराचा हक्क म्हणूं. समजा, पहिल्या खेळाडूनें हात लांब करून दुसऱ्याच्या छातीवर टोंक रोखलें व पाऊल पुढें टाकलें. त्या क्षणीं वाराचा हक्क पहिल्याचा झाला. दुसऱ्यानें आतां तो वार आपल्या पात्यानें अडविला पाहिजे, किंवा मागें सरून चुकविला पाहिजे. अडविल्याबरोबर हक्क त्याच्याकडे जातो आणि तो उलट वार करूं शकतो. परंतु वार न अडवितां त्यानेंहि आपलें टोंक सरळ पुढें केलें, आणि दोघांचींहि टोंकें लागलीं, तर गुण पहिल्यासच मिळतो. दुसऱ्याचा वार लागूनहि व्यर्थ जातो. दोघांनीं एकाच क्षणीं हल्ला केला असेल, तर कोणासच गुण नाहीं.

हा नियम प्रथम ऐकणाऱ्यास विचित्र वाटतो. दोघांचाहि वार लागला असतां एकाचाच कां मोजावा? याचें कारण असें कीं, फॉईल ही खऱ्या तरवारीच्या अभ्यासासाठीं निर्माण झाली. समोरून तीक्ष्ण टोंक छातीवर येत असतांना तें न अडवितां जो आपलाहि हात पुढें करितो, तो दुसऱ्यास मारील खरा, परंतु स्वतःहि मरेल. अशास गुरु शूर म्हणत नसत, मूर्ख म्हणत. आधीं आपला जीव राख, मग वार कर, हा धडा शिष्याच्या अंगीं मुरावा म्हणून हा नियम झाला. धड हेंच लक्ष्य ठरविण्याचें कारणहि तेंच, कारण प्राणघातक जखमा होतात त्या तेथें. सारांश, फॉईलच्या खेळांत आंधळा राग हा प्रतिपक्ष्याकडून हरण्यापूर्वींच नियमाकडून हरलेला असतो.

आतां थोडा इतिहास. बोथट काठ्यांनीं लढण्याचा खेळ फार प्राचीन आहे. ईजिप्त देशांत मेदिनेत हाबू येथें तिसऱ्या रामसेस राजाचें मंदिर आहे. तें ख्रिस्तपूर्व बाराव्या शतकांतील असून त्याच्या भिंतीवर अशा लढतीचें चित्र कोरलेलें आहे. आपल्या महाराष्ट्रांतील आखाड्यांतहि फरी-गदगा खेळत असत. गदगा म्हणजे लांकडी दांडकें व फरी म्हणजे चामड्याची ढाल. शस्त्र शिकावें, परंतु शिकतांना सोबत्याचा जीव जाऊं नये, ही अडचण सर्व देशांतील गुरूंस सारखीच होती.

तरवारबाजीवरील युरोपांतील सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ सुमारें १३०० सालच्या आसपासचा असून तो जर्मनींत तयार झाला. सध्यां तो इंग्लंडांत लीड्स येथील शस्त्रसंग्रहालयाच्या मालकीचा आहे. त्याची भाषा लॅटिन. त्यांतील चित्रांत तरवार व लहान ढाल घेऊन शिकविणारा गुरु एक धर्मोपदेशक आहे आणि शिकणारा त्याचा विद्यार्थी आहे. अखेरच्या चित्रांत तर त्या उपदेशकासमोर वालपुर्गिस नांवाची एक स्त्री तरवार घेऊन उभी आहे! पाद्र्याच्या शाळेंत तरवार कशी, हा प्रश्न सातशें वर्षांपूर्वींहि कोणीतरी विचारला असेल.

सोळाव्या शतकांत इटलींत तरवार लांब व निमुळती झाली. १५५३ सालीं कामिल्लो आग्रिप्पा यानें रोम येथें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हा मूळचा स्थापत्यशास्त्रज्ञ. त्यानें भूमितीच्या आकृतींनीं असें दाखविलें कीं, हात फिरवून मारलेल्या वारापेक्षां सरळ रेषेंत नेलेलें टोंक लवकर पोंचतें. दोन बिंदूंमधील सर्वांत लहान अंतर म्हणजे सरळ रेषा, हें भूमितीच्या तासाला जांभई देत ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं येथें लक्ष द्यावें. पुढें सतराव्या शतकांत फ्रान्समध्यें तरवार आणखी आंखूड व हलकी झाली, आणि तिच्या अभ्यासासाठीं टोंकास बोंड लावलेली शिकाऊ तरवार प्रचारांत आली. बोंड कळीसारखें दिसे, म्हणून फ्रेंच लोकांनीं तिला फुलावरूनच नांव दिलें. तीच आपली फॉईल.

परंतु नांव फुलाचें असलें तरी ज्या कामासाठीं ती विद्या शिकत तें काम फुलासारखें नव्हतें. किंचित् अपमान झाला, शब्दास शब्द लागला, कीं सरदार लोक एकमेकांस द्वंद्वयुद्धाचें आव्हान देत व शेंकडों तरुण त्यांत प्राणांस मुकत. १५६३ सालीं ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें द्वंद्वयुद्ध करणारांस बहिष्कृत ठरविलें आणि त्यांत मरणारास ख्रिस्ती विधीनें मूठमाती मिळूं नये असा ठराव केला. फ्रान्समध्यें कार्डिनल रिशल्यू यांच्या कारकीर्दींत १६२६ सालीं कडक राजाज्ञा निघाली. पुढच्याच वर्षीं मोंमोरांसी-बुतव्हील नांवाच्या एका बड्या सरदारानें ती मुद्दाम मोडण्यासाठीं पॅरिस शहराच्या भर चौकांत, भर दिवसा, द्वंद्व केलें. राजानें त्याचा शिरच्छेद करविला. एवढें होऊनहि ती चाल पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली. मानाच्या खोट्या कल्पनेस कायद्यानें धाक बसतो, पण ती मनांतून निघून जाण्यास फार काळ लागतो, हें यावरून दिसतें.

द्वंद्वाची विद्या खेळ कशी झाली, यांत एका साध्या वस्तूचा मोठा वांटा आहे. ती वस्तु म्हणजे तारेच्या जाळीचा मुखवटा. तो प्रचारांत येण्यापूर्वीं बोथट टोंकानेंहि डोळा जाण्याचें भय असे. म्हणून शिष्यांस फार जपून, पाळीपाळीनें वार करावे लागत. सुमारें १७८० च्या सुमारास असा मुखवटा प्रचारांत आणण्याचें श्रेय पॅरिसमधील ला बोएसिएर या गुरूस सामान्यतः दिलें जातें. ज्या मुलांच्या छत्र्या आम्हीं जप्त केल्या, त्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. मुखवट्यावांचून तरवारीचा खेळ करूं नये, हें गुरूंना कळण्यास कित्येक डोळ्यांची किंमत पडली आहे.

याच ला बोएसिएरच्या शाळेंत जोसेफ बोलोन, म्हणजे शेव्हालिए द सँ-झॉर्झ, हा तयार झाला. त्याचा जन्म १७४५ सालीं वेस्ट इंडीजमधील ग्वादेलूप बेटावर झाला. बाप फ्रेंच मळेवाला, आई आफ्रिकन वंशाची गुलाम स्त्री. असा हा मुलगा फ्रान्समधील पहिल्या प्रतीचा तरवारबहाद्दर झाला, आणि त्याबरोबरच नामांकित व्हायोलिनवादक व संगीतरचनाकारहि झाला. तरी पॅरिसच्या ऑपेरागृहाचें प्रमुखपद त्यास देण्याची गोष्ट १७७६ सालीं निघाली, तेव्हां तेथील कांहीं गायिकांनीं अशा वर्णाच्या मनुष्याच्या हाताखालीं आम्ही काम करणार नाहीं, म्हणून राणीकडे अर्ज केला, व तें पद त्यास मिळालें नाहीं. तरवारीच्या पट्टीवर मात्र त्याच्या वारास वार म्हणावें लागे. तेथें टोंक कोणत्या वर्णाच्या हातीं आहे हें पाहण्यास कोणास अवसर नव्हता. १७८७ सालीं लंडन येथें इंग्लंडच्या युवराजासमोर तो खेळला. त्याच शहरांत दोमेनिको आंजेलो या इटालियन गुरूनें शाळा काढली होती. त्याचा १७६३ चा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध आहे. शरीर डौलदार व निरोगी राहावें म्हणून ही विद्या शिकावी, हा विचार त्याच्या शाळेमुळें इंग्लंडांत रूढ झाला.

१८९६ सालीं अथेन्स येथें ऑलिंपिक सामने पुन्हां सुरू झाले, तेव्हां फॉईलचा समावेश पहिल्यापासूनच होता. त्या वेळीं तीन वारांचा सामना असे. फ्रान्सचा ग्राव्हलोत हा आपल्याच देशाच्या कालो याजवर तिनास दोन अशा वारांनीं विजयी झाला. शिक्षकांसाठीं स्वतंत्र सामना होता. तो ग्रीसच्या लिओनिदास पिर्गोस यानें जिंकला, आणि अर्वाचीन ऑलिंपिकमध्यें जिंकणारा तो पहिला ग्रीक ठरला. १९१३ सालीं पॅरिस येथें या खेळाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९२० सालीं अँटवर्प येथें इटलीच्या नेदो नादी यानें एकट्यानें पांच सुवर्णपदकें मिळविलीं. त्याचा गुरु त्याचा बापच होता, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. १९२४ सालीं पॅरिस येथें स्त्रियांसाठीं फॉईलचा सामना प्रथम झाला व डेन्मार्कच्या एलन ओसिएर यांनीं तो जिंकला. त्यानंतर एपेसाठीं १९९६ पर्यंत व सेबरसाठीं २००४ पर्यंत स्त्रियांस वाट पाहावी लागली.

येथें एका मुलीची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जर्मनीच्या हेलेने मायर हिनें १९२८ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, अॅम्स्टरडॅम येथें सुवर्णपदक मिळविलें व सारा देश तिला डोक्यावर घेऊन नाचला. तिचा बाप यहुदी वंशाचा होता. १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता गेल्यावर तिच्याच गांवच्या तरवारबाजीच्या मंडळानें तिचें नांव काढून टाकलें. ती तेव्हां अमेरिकेंत शिकत होती. तरी १९३६ सालीं बर्लिन येथें ती जर्मनीतर्फें खेळली, तिला रौप्यपदक मिळालें, आणि पदक घेतांना तिनें नाझी पद्धतीचा सलाम केला. त्याबद्दल आजहि लोक तिला नांवें ठेवतात. तिच्या मनांत काय होतें हें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु जें शस्त्र तिनें सतराव्या वर्षीं निर्भयपणें चालविलें, तेंच हातीं असतां अन्यायापुढें काय करावें याचा निर्णय किती अवघड होतो, हें विद्यार्थ्यांनीं तिच्या चरित्रावरून पाहावें व दुसऱ्याचा न्याय करण्यास उतावीळ होऊं नये.

आतां यंत्राविषयीं. पूर्वीं सामन्यांत एक मुख्य पंच व चार साहाय्यक पंच असत आणि टोंक लागलें कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहून ठरवीत. डोळ्यांस जें दिसत नसे तें खेळाडूनें स्वतः सांगावें, अशी रीत होती. ज्यास वार लागला त्यानेंच 'लागला' म्हणावयाचें. मारणारानें ओरडून श्रेय घेणें हें असभ्यपणाचें मानीत. १९५५ पासून जागतिक सामन्यांत फॉईलला विजेची जोड मिळाली. टोंकावर ५०० ग्रॅम वजनाइतका दाब पडला कीं विजेचा प्रवाह खंडित होतो. धडावर धातूच्या तंतूंची बंडी असते. तिच्यावर टोंक लागल्यास रंगीत दिवा लागतो, इतरत्र लागल्यास पांढरा. कोणाचें टोंक लागलें तें यंत्र सांगतें. परंतु हक्क कोणाचा होता तें मात्र अद्यापि पंचासच ठरवावें लागतें. न्याय करण्याचें काम यंत्राच्या हातीं गेलेलें नाहीं.

इतकी काळजी घेऊनहि १९८२ सालच्या जुलै महिन्यांत रोम येथील जागतिक सामन्यांत दुर्दैवी प्रसंग घडला. १९८० च्या ऑलिंपिकचा विजेता, सोव्हिएत रशियाचा व्लादिमीर स्मिर्नोव्ह, हा जर्मनीच्या मात्थियास बेर याच्याशीं खेळत होता. बेरचें पातें मोडलें व मोडकें टोंक मुखवट्याच्या जाळींतून आंत शिरलें. कांहीं दिवसांनीं स्मिर्नोव्ह मरण पावला. बेरचा यांत कांहींच अपराध नव्हता, तरी तें दुःख त्यानें जन्मभर वाहिलें. त्या मृत्यूनंतर मुखवटे, पोशाख व पात्यांचें पोलाद यांचे नियम पुष्कळ कडक झाले. आज खेळाडू ज्या सुरक्षिततेनें खेळतात ती एका मनुष्याच्या प्राणाच्या मोलानें आलेली आहे.

आपल्या देशांत या खेळाची राष्ट्रीय संस्था १९७४ सालीं स्थापन झाली. चेन्नईच्या भवानी देवी यांनीं २००४ सालीं शाळेंत असतांना तरवार हातीं घेतली; आरंभीं सरावास बांबूच्या काठ्या होत्या. २०२१ सालीं टोकियो येथें भरलेल्या ऑलिंपिकमध्यें उतरणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तरवारबाज होत. त्यांचें शस्त्र सेबर. पहिला सामना त्यांनीं पंधरास तीन असा जिंकला, दुसरा हरल्या. २०२३ सालीं आशियाई अजिंक्यपदाच्या सामन्यांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. शाळेंतील काठीपासून तेथवर पोंचण्यास त्यांस एकोणीस वर्षें लागलीं. पहिल्या घटक चांचणींत कमी गुण पडले म्हणून निराश होणाऱ्यांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा.

आतां आजोबांच्या प्रश्नाकडे वळूं. त्या दिवशीं आमच्या पटांगणावर विजेचें यंत्र नव्हतें. चारास चार असे वार झाले होते. पुढला वार लावणारा जिंकणार होता. दोघेहि एकदम पुढें झाले, पातीं खणखणलीं, आणि पंच म्हणून उभे असलेल्या आमच्या व्यायामशिक्षकांस कांहींच दिसलें नाहीं. ते पुन्हां सुरू करण्याची खूण करणार, तोंच त्या दोघांपैकीं एकानें डावा हात वर केला व मुखवटा काढून म्हटलें, "सर, मला लागला." तो हरला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या त्या जिंकणारासाठीं. हरणारानें हस्तांदोलन केलें, आणि तो पाणी पिण्यास गेला. नंतर आम्हीं त्यास शाबासकी दिली, तर तो गोंधळला. त्यांत विशेष तें काय केलें, हें त्यास कळेना.

आजोबा, आपण पहिल्याच रांगेंत होतां. हात वर केलेला आपणांसहि दिसला असेल. त्याचा अर्थ सांगणें हें आमचें काम होतें. तें त्या दिवशीं राहून गेलें, म्हणून आज करितों. भांडण म्हणजे दुसऱ्याचें चुकलें हें ओरडून सांगणें. या खेळांत दुसऱ्यानें आपणांस गांठलें हें स्वतः सांगावयाचें असतें. भांडणांत राग आला कीं हात सुटतो. येथें राग आला कीं वाराचा हक्क जातो. ज्या शस्त्रानें एके काळीं मनुष्यें खोट्या मानापायीं मरत, त्याचेंच टोंक बोथट करून त्यापासून खऱ्या मानाचा धडा काढणें, हें मनुष्यजातीनें केलेल्या थोड्या चांगल्या कामांपैकीं एक होय.

परीक्षेच्या दालनांत पर्यवेक्षक पाठमोरे असतात, कबड्डींत स्पर्श झालेला पंचास दिसत नाहीं, घरीं फुटलेल्या बरणीस साक्षीदार नसतो. अशा वेळीं कोठलाहि दिवा लागत नाहीं. तेथें हात वर करील असा एक जरी विद्यार्थी त्या दिवसाच्या खेळानें तयार झाला असेल, तर आमच्या मतें संमेलनांतील त्या तरवारी वायां गेल्या नाहींत. आणि ज्यांच्या छत्र्या अद्यापि कार्यालयांत पडून आहेत, त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं येऊन, स्वतः नांव सांगून, त्या घेऊन जाव्या.